समक्ष पाहिल्या, ओके

आमच्या घरमालकांच्या घरात लाल नेलपॉलिश भरपूर लागायचं, आणि काकूंनी आयुष्यात कधी नखं रंगवलेली नव्हती. महिन्याला एक बाटली संपायची. कोपऱ्यावरच्या जनरल स्टोअरवाल्याला ते इतकं अंगवळणी पडलं होतं, की काका दुकानाच्या पायरीवर दिसले रे दिसले, की तो बाटली काउंटरवर ठेवायचा. एकदा मी शेजारी उभी होते, तर माझ्याकडे बघून म्हणाला, "तुमच्यासाठी का?" काका म्हणाले, "नाही, गॅसच्या रेग्युलेटरसाठी."

गंगापूर रोडच्या एका आतल्या गल्लीत त्यांचं घर होतं. खाली काका-काकू आणि वरच्या खोलीत आम्ही दोघी भाडेकरू, मी आणि अश्विनी. आम्ही दोघी एकाच पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होतो. काका ओझरच्या विमानाच्या कारखान्यातून तपासनीस म्हणून निवृत्त झालेले. म्हणजे नट दुसऱ्यांनी आवळायचा, आणि तो नीट आवळलाय की नाही हे बघून सही करायची काकांनी. चौतीस वर्षं त्यांनी हेच केलं. तिथे म्हणे आवळलेल्या नटावरून बोल्टवर एक आडवी लाल रेघ मारतात. नट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटते आणि लांबूनही कळतं. काका कारखान्यातून सुटले, पण रेघ काही सुटली नाही. रेग्युलेटर, टाकीचं झाकण, पंख्याचा हुक, स्कूटरची चाकं, आमच्या बाथरूमचा गीझर, सगळ्यावर ती रेघ. लोणच्याच्या बरणीवरसुद्धा होती. काकू एकदा कंटाळून मला म्हणाल्या, "अगं, माझ्याच घरात मी एक फोड चोरून खाल्ली तरी ह्यांना कळतं."

'चालतंय म्हणजे तपासलंय असं नाही' हे त्यांचं आवडतं वाक्य. पुतण्याच्या लग्नात नवरा-नवरी स्टेजवर चढले, फोटोग्राफर सज्ज, आणि काका त्या सोनेरी सोफ्याच्या खाली आडवे. नुसते बूट बाहेर दिसत होते. पंधरा मिनिटं लग्न थांबलं. नवरीचा मामा चिडून म्हणाला, "अहो, भाड्याचा सोफा आहे, सगळ्यांच्या लग्नाला हाच असतो." काका खालून म्हणाले, "म्हणूनच!" मागच्या एका पायाला खरंच बोल्ट नव्हता. आभार मात्र कोणी मानले नाहीत. अशा माणसाचे आभार मानायचे म्हणजे आपण न बघताच बसत होतो हे कबूल करावं लागतं.

आणि दुसरं, पाहिल्याशिवाय सही नाही. माझ्या पासपोर्टसाठी शेजाऱ्याची सही हवी होती. मला वाटलं, दोन मिनिटांचं काम. काकांनी कागद चष्मा लावून वाचला. "एक वर्षापासून ओळखतो, हे खरं. वरच्या खोलीत राहते, हेही खरं. पण 'वर्तणूक चांगली' हे मी कधी पाहिलं?" मी म्हटलं, "काका, मग वाईट कधी पाहिली?" ते म्हणाले, "ते वेगळं." आणि आठ दिवस कागद ठेवून घेतला. त्या आठ दिवसांत मी लॅबमधून कधी येते, जिन्याचा दिवा विसरते का, कचरेवाल्याशी कशी बोलते, हे सगळं त्यांनी बघितलं. मला इतका राग आला होता की नवव्या दिवशी सही मिळाली तेव्हा मी थँक्यूसुद्धा म्हटलं नाही. आता वाटतं, माझ्या वर्तणुकीवर तेवढी मेहनत आजवर दुसऱ्या कोणी घेतलेली नाही.

पासपोर्ट हवा होता, कारण अश्विनीनं आणि मी एक महिना पाठीवर पिशव्या टाकून भटकायचं ठरवलं होतं. व्हिएतनाम, लाओस, थायलंड. स्वस्तातलं विमान, स्वस्तातल्या बस, आणि एका खोलीत आठ-आठ पलंग असतात तसली हॉस्टेलं. बिनपगारी रजाही मंजूर झाली. अडलं ते नांदगावला. अश्विनीचे वडील, म्हणजे अण्णा, तिथे कांद्याचा व्यापार करतात. त्यांच्या मनात तिचं लग्न दिवाळीनंतर उरकायचं होतं. अश्विनी मला म्हणायची, "एकदा लग्न झालं ना, की मग कुठंबी जायचं तर चौघांना विचारायचं. ह्योच एक महिना हाय माझा." माझ्या आईचं तर सरळच होतं. अश्विनीचे वडील हो म्हणाले तर तू जा.

अण्णांनी फोनवर विचारलं, "संगं कोन मोठं मानूस हाय का?"

अश्विनीनं माझ्याकडे बघितलं, छताकडे बघितलं आणि म्हणाली, "हाय ना. घरमालक काका येतायत."

काकांना ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. शिवाय आयुष्यभर विमानं तपासलेला हा माणूस कधी विमानात बसलेला नव्हता. कोणी विचारलं तर म्हणायचे, "ज्याची सही मी पाहिली नाही, त्यात मी बसत नाही." आम्ही दोघी खाली जाऊन अपराध्यासारख्या उभ्या राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. काकांनी तोंड उघडायच्या आत बोलल्या त्या काकू. "घेऊन जा गं! महिनाभर मला माझ्या घरातले डबे उघडू दे." आणि दहा मिनिटांत त्यांनी काकांची बॅग भरायला काढलीसुद्धा. त्यांनाही बरोबर चला म्हटलं होतं आम्ही. त्या म्हणाल्या, "मी इथेच हिंडणार आहे. सगळ्या खोल्यांतून."

काकांचा पासपोर्ट हातात आला, तसे अण्णा मुद्दाम नाशिकला आले. काकांच्या समोर बसून चहा घेतला आणि म्हणाले, "साहेब, मला बाकी काय नको. रोज संध्याकाळी कळवायचं, पोरी नीट हायेत म्हनून. पन ऐकीव नको. डोळ्यानं बघून."

काका म्हणाले, "मी न बघता कळवतच नाही."

दोघांनी एकमेकांना नीट निरखून घेतलं. एक जण आयुष्यभर नट तपासणारा आणि दुसरा हातात घेतल्याशिवाय कांदा न घेणारा. आमचा महिना आता ह्या दोघांच्या ताब्यात होता.

मुंबईच्या विमानतळावर पहिला घाव काकांवर पडला. त्यांच्या हातातल्या बॅगेत दहा-अकराचा पाना निघाला. सुरक्षेच्या मुलीनं तो बाजूला काढला. काका तिला समजावत होते, "बाई, हा विमान उघडायचा नाही, आवळायचा आहे." ते ऐकून तिनं आणखी दोघांना बोलावलं. नेलपॉलिशची बाटली मात्र सुटली, कारण ती बाईच्या सामानात शोभते म्हणून मी माझ्या पिशवीत घातली होती. विमानाच्या दारात काका थांबले, दाराशेजारच्या पत्र्यावर तळहात ठेवला आणि वाकून रिवेटची ओळ बघू लागले. मागे रांग तुंबली. हवाई सुंदरी हसून म्हणाली, "प्लीज सर." काका आमच्याकडे वळून म्हणाले, "हात चांगला आहे." म्हणजे ज्यानं कोणी काम केलं होतं त्याचा. मग ते आत शिरले, पट्टा बांधला, अश्विनीचा पट्टा ओढून बघितला, माझा बघितला, पलीकडच्या अनोळखी बाईंचाही बघायला निघाले होते, तेव्हा मी त्यांचा हात धरला.

हनोईला उतरल्यावर ते भलतेच हरवल्यासारखे दिसायला लागले. मला वाटलं, जेवण, भाषा, गर्दी ह्यांचं काही असेल. कारण होतं पाना. शेवटी हार्डवेअरच्या दुकानांची एक अख्खी गल्ली सापडली. तिथे त्यांच्याच वयाचा एक दुकानदार स्टुलावर बसला होता. काकांनी हवेत बोटांनी नट आवळून दाखवला. त्यानं एक पाना दिला. काकांनी तो डोळ्यासमोर धरला आणि मान हलवली. त्यानं दुसरा दिला. असे सात पाने झाले. आठवा देताना तो म्हातारा हसला आणि काकाही हसले, कारण आधीचे सात त्यानं मुद्दाम कमअस्सल दिले होते, आणि हे दोघांनाही कळलं होतं. मग त्यानं चहा मागवला. अर्धा तास दोघं आपापल्या भाषेत बोलत होते. नंतर मी विचारलं, काय म्हणाला तो? काका म्हणाले, "हल्लीच्या मालात दम नाही."

पाना मिळाला आणि हॉस्टेलांचे दिवस पालटले. तिथे लोखंडी दुमजली पलंग. काका आत शिरले की पिशवी खाली टाकायच्या आधी पलंगाखाली जायचे. एका उंच डच मुलानं वरच्या पलंगावर कूस बदलली की सगळी खोली करकरायची. काकांनी त्याला खाली उतरवलं, चार बोल्ट आवळले, नेलपॉलिशच्या रेघा मारल्या आणि त्याला परत वर चढवून हलायला लावलं. आवाज बंद! दुसऱ्या दिवशी नाश्त्याला बसलो तर दुसऱ्या खोलीतल्या दोन मुली काकांना बोलवायला आल्या. आठवड्याभरात अशी पाळी आली, की आम्हाला कोणी नावानं ओळखत नसे. आम्ही 'अंकलबरोबरच्या' झालो. ज्या भटकंतीत आम्हाला जरा बिनधास्त, जरा रहस्यमय वगैरे दिसायचं होतं, तिथे आमची ही ओळख!

त्यात संध्याकाळचे सहा. आम्ही कुठेही असू, बाजारात, तळ्याकाठी, पाठीवर पिशवी घेऊन बसच्या रांगेत, सहा वाजले की काका आम्हाला शेजारी शेजारी उभं करायचे. डोक्यापासून पायापर्यंत बघायचे. चेहरा उतरलाय का, चप्पल तुटलीय का, ढास लागलीय का. मग एका बोटानं अण्णांना टाइप करायचे, 'दोघी समक्ष पाहिल्या. ओके.' रोज हेच शब्द, हाच क्रम. येणारे-जाणारे बघत राहायचे. एकदा अश्विनी फोटो काढायला पुढे गेली आणि सहाला दोन मिनिटं असताना गर्दीत दिसेना, तर काकांच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. ती आल्यावर ते रागावले नाहीत. फक्त तिच्या डोक्यावर हात ठेवून नीट बघितलं आणि टाइप केलं.

एकाच जागी काका तपासनीस नव्हते. लाओसमध्ये एका सकाळी आम्ही एका विहारात गेलो. काकांनी बूट काढले, गुडघे टेकले आणि त्रिशरण म्हणायला लागले, नाशिकच्या विहारात दर पौर्णिमेला म्हणतात तसं. झाडणारे एक म्हातारे भंतेजी थांबले, खराटा ठेवला आणि त्यांच्याबरोबर म्हणू लागले. चाल वेगळी, शब्द तेच. नाशिक सोडल्यापासून काकांना पहिल्यांदाच समोरच्याचं सगळं बोलणं कळलं. बाहेर आल्यावर त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला. त्या विहाराची लाकडी पायरी डुगडुगत होती, आणि त्यांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

तिथून आम्ही उत्तरेला नदीकाठच्या एका छोट्या गावी गेलो आणि तिथेच बिनसलं. गावातली एक वाटाडी बाई पाहुण्यांना डोंगरातल्या पाड्यावर नेई. दोन रात्री पाड्यावर मुक्काम, तिसऱ्या दिवशी परत. पाड्यावर फोनला रेंज नाही. काकांचा गुडघा चढ चढणारा नव्हता. अश्विनीनं मात्र नाशिकहून निघतानाच ह्या डोंगराचा फोटो फोनवर लावून ठेवला होता. बाकी सगळं रद्द झालं असतं तरी तिला चाललं असतं, हे नाही.

ती म्हणाली, "काका, तुमी इथंच थांबा. दोन दिवस अण्णांना तेवढं 'ओके' पाठवा."

"न बघता?"

"आमी नीटच असनार हाय ना!"

"मग अण्णांना सांग, दोन दिवस दिसणार नाही म्हणून."

"सांगितलं तर ते उद्याच घरी बोलवतील. तुमाला म्हाईत नाय का?"

काका म्हणाले, "तुमच्या लॅबमध्ये नळी न बघता रिपोर्ट देता का गं तुम्ही?"

मी पिशवीचं बकल चाळवायला लागले. पण अश्विनीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि आवाज चढला. "काका, आमी काय नट-बोल्ट हाय का? घरी अण्णा बघनार, इथं तुमी बघनार, दिवाळीनंतर आनखी कोनीतरी बघनार. कोनी न बघता आमच्यावर कधी भरवसा टाकनार हाय का नाय?"

ती निघून गेली. मी काकांजवळ थांबले नाही, आणि त्याची मला आजही लाज वाटते. मलाही तेव्हा ते नकोसे झाले होते. त्या संध्याकाळी सहाला त्यांनी आम्हाला उभं केलं, बघितलं, संदेश पाठवला आणि न जेवता झोपले.

सकाळी आम्ही उठलो तर ते अंगणात बसलेले. आमच्या पिशव्या शेजारी ठेवलेल्या. एरवी निघताना काका आमची बकलं आवळून रेघ मारायचे, आज कुठल्याच बकलवर नवी रेघ नव्हती. त्यांनी नेलपॉलिशची बाटली माझ्या हातात ठेवली. "आवळून बघा आणि तुमची तुम्ही मारा." मग अश्विनीला म्हणाले, "परवा दुपारपर्यंत ये. अण्णांना मी पाठवतो."

डोंगरावरचं मी फार सांगत नाही. पाऊलवाट, भाताची खाचरं, जळवा, चुलीवरचा चिकट भात आणि दोन रात्री चोहोबाजूंनी बेडकांचा गलका. काही घडलं नाही. अश्विनी एका कड्यावर उभी राहून इतक्या जोरात ओरडली, की वाटाडी बाई धावत आली. तिला वाटलं, साप निघाला. अश्विनी नुसतीच आनंदानं ओरडली होती. माझं लक्ष सारखं खाली, त्या गावाकडे जात होतं. सहा वाजले की आम्ही दोघी न ठरवता शेजारी शेजारी उभ्या राहत होतो.

तिसऱ्या दिवशी उतरलो तेव्हा काका वाटेच्या तोंडाशीच एका दगडावर बसलेले. सकाळपासून बसले होते म्हणे. त्यांनी आम्हाला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं, अश्विनीच्या पोटरीवरची जळू दिसली, ती मीठ लावून काढली आणि एवढंच म्हणाले, "जेवा." दोन दिवसांबद्दल पुढे कोणी अक्षर काढलं नाही. थायलंड झालं, बँकॉक झालं, परत आलो. आम्हाला वाटलं, मिटलं.

नाशिकला पोचून चार दिवस झाले आणि काका इस्त्रीचा शर्ट घालून वर आले. "मी नांदगावला जातोय. अण्णांना सांगायला. दोन सह्या खोट्या आहेत."

अश्विनी पांढरीफटक पडली. तिनं विनवण्या केल्या, काकूंनी खालून ओरडून बघितलं, "अहो, झालं ते झालं, कशाला उगाच!" काका म्हणाले, "पोरींना जाऊ दिलं ह्याचं मला काही वाटत नाही. परत जाऊ देईन. पण कागदावर चुकीचं राहू देणार नाही." शेवटी आम्ही दोघीही त्यांच्याबरोबर बसमध्ये बसलो. सबंध रस्ता अश्विनी खिडकीबाहेर बघत होती. घरी सगळं कळलं की आपल्याला नाशिकची नोकरी सोडून परत यावं लागणार, ह्याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती.

अण्णा कांदे साठवायच्या चाळीत होते. काका आत गेले, नमस्कार केला आणि खुर्ची दिली तरी बसले नाहीत. कारखान्यात साहेबांपुढे उभे राहत असतील तसे उभे राहून त्यांनी सगळं सांगितलं. कोणता डोंगर, किती दिवस, रेंज नव्हती, आपण पाहिलं नव्हतं. "दोन्ही दिवस मी न बघता तुम्हाला ओके पाठवलं. चूक माझी आहे, पोरींची नाही."

अण्णा हातातला कांदा फिरवत राहिले. मग खिशातून फोन काढला, वर सरकवत गेले आणि काकांपुढे धरला. आम्हीही वाकून बघितलं. रोजचा संदेश, 'दोघी समक्ष पाहिल्या. ओके.' खाली पुन्हा तोच. पुन्हा तोच. मग दोन दिवस नुसतंच 'ओके.' आणि त्याच्या पुढच्या दिवसापासून पुन्हा 'समक्ष पाहिल्या.' काकांना ते दोन शब्द खोटे लिहिता आले नव्हते.

"मला त्याच दिशी कळलं, साहेब," अण्णा म्हणाले. "तुमच्यासारख्या मानसानं माल न बघता सही केली, म्हंजी पोरीवर भरवसा असंल, म्हनलं. दोन रात्री मला झोप नाय. हिची आई म्हने फोन लावा. नाय लावला."

अश्विनी चाळीच्या दारात उभी होती. अण्णा तिच्याकडे न बघता म्हणाले, "डोंगर कसा होता गं?"

ती खाली बसून रडायला लागली. मग काका पहिल्यांदा खुर्चीवर बसले, आणि बसण्याआधी त्यांनी खुर्ची हलवून बघितली.

अश्विनीचं लग्न दिवाळीनंतर झालं नाही. दोन वर्षांनी झालं, तिच्या मनासारखं, आणि आता तिच्या सासरी गॅसच्या रेग्युलेटरवर लाल रेघ आहे. मी ती खोली केव्हाच सोडली. वर्षातून एकदा कुठेतरी एकटीच पिशवी घेऊन निघते, आणि निघताना काकांना कळवते की इतके दिवस दिसणार नाही. थोड्या वेळानं उत्तर येतं. मी दर वेळी बघते, त्याच्या आधी आणखी काही लिहिलंय का. नसतं. नुसतंच 'ओके.' मग मी बकलं आवळते, रेघ मारते आणि निघते.